ढोलकीची फ्लॉपी वळला असते

निर्मलाताईंची आणि माझी पहिली गाठ वळ गावच्या जत्रेत, भर कार्यक्रमात पडली. मी बँकेतला कारकून आणि सुट्टीच्या दिवशी भिवंडीतल्या एका ऑर्केस्ट्राचा निवेदक. ताई मुलींच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई. आमच्याकडे कीबोर्ड वाजवायला प्रथमच आल्या होत्या. त्यांच्या भावाने आखातातून आणलेला तो कीबोर्ड म्हणजे सॅम्पलर. खऱ्या वाद्याचा आवाज तो टिपून घेई आणि पट्टी दाबली की तोच आवाज देई. दुसऱ्याच गाण्याला वीज गेली. परत आली तेव्हा कीबोर्ड सगळे आवाज विसरून बसला होता. ताईंनी पिशवीतून आवाज साठवलेल्या, वडीसारख्या चौकोनी फ्लॉप्या काढल्या आणि शांतपणे मला म्हणाल्या, "तुम्ही बोलत राहा. याला पुन्हा शिकवायला जरा वेळ लागतो." मी बोलत राहिलो. आज त्यांच्या साठीनिमित्तही तेच काम माझ्याकडे आले आहे.

आवाज लावून ठेवण्याची शिस्त ताईंना विजेच्या या लपंडावानेच लावली असावी. इतर वादक फ्लॉप्या वाद्यांप्रमाणे लावतात, ताईंनी त्या प्रसंगांप्रमाणे लावल्या. एका डब्यात हळद, एकात देवीचा गोंधळ, एकात शाळेचे गॅदरिंग. वीज आली की हळदीचे सारे आवाज एकाच डब्यात हाताला लागत. आणि आवाजाला नाव वाद्याचे नसे, वाजवणाऱ्याचे असे. कीबोर्डच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत 'काशिनाथ वळ' असे उमटे. हा वाद्यांचा संच नसून मतदारयादी आहे, अशी थट्टा मी करायचो. ताई हसायच्या, पण नाव बदलायच्या नाहीत.

हे आवाज टिपणेही सोपे नव्हते. आमची रेकॉर्डिंगची खोली भिवंडीतच कामतघरला, भिंतीला भिंत लावून खडखडणारे यंत्रमाग. वीज गेली की माग थांबत, पण मग कीबोर्डही थांबे. शेवटी शेजारचे मागवाले चाचा शिफ्ट बदलताना "दीदी, दस मिनट" असे ओरडून माग बंद ठेवत, आणि तेवढ्यात ताई थाप टिपून घेत. काशिनाथदादांची ढोलकी अशीच टिपली गेली.

काशिनाथदादा वळचे. थोडी भातशेती आणि बाकी सारा भरवसा ढोलकीवर. हळदीची गाणी त्यांच्याशिवाय होत नसत. एकदा एक कॅसेटवाले आमच्या खोलीवर आले. हळदीची कॅसेट करायची आहे, ढोलकीचा आवाज फ्लॉपीत आहेच, तेव्हा वादक बोलवायची गरज नाही, असे ते सहज बोलून गेले. काशिनाथदादा तिथेच चहा पीत बसले होते. कॅसेटवाले गेल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"ताई, माजा हात त्या वडीत हाय. आता मना कोन बोलवील?"

ताई उठल्या. मग त्यांनी हळदीच्या डब्यातून ती फ्लॉपी काढून दादांच्या हातावर ठेवली. "ही तुमच्या घरी असू द्या. ज्याला हवी असेल तो वळला येईल." मी नंतर विचारले, प्रत तरी ठेवली आहे ना? त्या म्हणाल्या, "प्रत ठेवली असती, तर दिली असं कशाला म्हणायचं?"

तेव्हापासून ताईंच्या संग्रहातले आवाज ज्याच्या त्याच्या घरी राहू लागले. ढोलकी वळला, गोंधळाचे संबळ वज्रेश्वरीला. फ्लॉपी मागायला माणसाकडे जावे लागे, आणि माणूस भेटला की फ्लॉपीचे काम उरत नसे. व्यवहाराला हा शुद्ध वेडेपणा होता. ते कॅसेटवालेही शेवटी वळला गेले.

पण त्या वर्षी दसऱ्याला काशिनाथदादांनी रीतीप्रमाणे ढोलकी पुजली, आणि शेजारी मांडलेल्या फ्लॉपीलाही हळदकुंकू वाहून वर पाणी शिंपडले. फ्लॉपी कायमची मुकी झाली. रेकॉर्डिंगच्या दिवशी दादा ती रुमालात बांधून घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. ताईंचा विश्वास आपण बुडवला, आता आपले नाव संपले, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. ताईंनी रुमाल सोडून पाहिला आणि विचारले, "ढोलकी आणलीत ना? मग आत या." त्या कॅसेटवर काशिनाथदादांनी स्वतः ढोलकी वाजवली. नवी फ्लॉपी करायचे नावही ताईंनी काढले नाही.

माझ्याही बाबतीत त्या तशाच वागल्या. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने माझा आवाज गेला होता. 'नमस्कार रसिकहो' हे माझे शब्द माझ्याच ताब्यातल्या फ्लॉपीत टिपलेले होते. एक पट्टी दाबली असती तर भागले असते. त्यांनी ती दाबली नाही आणि दुसरा निवेदकही आणू दिला नाही. कार्यक्रम निवेदनाशिवाय झाले, आणि मी रंगमंचावर माझ्याच खुर्चीत बसून त्यांना बाकीच्या फ्लॉप्या देत राहिलो. त्या खुर्चीने मला धीर दिला. हे ऋण मी आज उघडपणे सांगतो.

आता संगणक आले आहेत आणि त्यात हजारो आवाज मावतात म्हणे. या समारंभाच्या तयारीत आमच्या लक्षात आले की ताईंनी साऱ्या तालुक्याचे आवाज जपले, पण त्यांचे स्वतःचे गाणे कुठेच टिपलेले नाही. मी मायक्रोफोन घेऊन त्यांच्या घरी गेलो. ताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी आहे ना अजून. बोलवा की."

ताई, आम्ही बोलवत राहू. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, गळा गाता राहो, आणि आम्ही हाक मारली की दाराशी तुम्हीच यावे. तुमची फ्लॉपी करायची वेळ आमच्यावर न येवो, एवढेच वज्रेश्वरीच्या देवीकडे मागणे.