वरची बोली

"कोण मेला मध्येच आकडे फेकतोय?" कंडक्टर एवढ्या जोरात ओरडला की हर्ण्याच्या स्टँडवरचे कावळे उडाले ते थेट मुरुडला जाऊन बसले. तो गाडीतली डोकी मोजत होता. सव्वीस, सत्तावीस म्हणतोय तोच मागच्या सीटवरून खणखणीत आवाज आला, "तीस!" त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. पंधरावर आला तर, "वीस!" तिसऱ्या खेपेला त्याने मोजणंच सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

बोली लावणारी माझी मुलगी, मंजू. वय बावीस. तिची समज सावकाश चालते, हे डॉक्टरांनी ती दोन वर्षांची असतानाच सांगितलं होतं. पण मी हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा माणूस. माझा आवाज सुवर्णदुर्गाच्या तटावर आपटून परत यायचा आणि येताना पाच रुपये वाढवून आणायचा. माझ्या खांद्यावर बसून मंजू एक गोष्ट पक्की शिकली होती : कानावर आकडा पडला की त्याच्या वरचा बोलायचा.

खिडकीखाली तिची आई उभी होती. सुक्या मासळीचा धंदा सोडून ती येऊ शकत नव्हती. "डबा सरळ धरा," ती म्हणाली, "आणि तिला कॉलेजात ओरडायला देऊ नका. तुम्हीपण ओरडू नका."

बंदरावर मी तुम्हाला सांगून आलो होतो की रत्नागिरीचे प्राचार्य स्वतः होडी वल्हवत मला विनवायला आले. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकून घेतलंत, उपकार तुमचे. खरं एवढंच की त्या कॉलेजात मंजूसारख्या पाच मुलांना बाकीच्यांच्याच वर्गात, त्यांच्याच बाकावर बसवणार होते. प्रत्येकाला एक जोडीदार विद्यार्थी. सकाळी वर्ग, दुपारी ग्रंथालयात नाहीतर कँटीनमध्ये कामाचं शिक्षण. फॉर्म मीच भरला. तीनदा चुकला, चौथ्यांदा भरला.

पहिल्या दिवशी मी वर्गाच्या खिडकीशी उभा. मॅडमनी हजेरी सुरू केली. अडतीस, हजर. एकोणचाळीस, हजर. "चाळीस," मॅडम म्हणाल्या. हा मंजूचा नंबर. मंजू ताडकन उठली, हात वर केला, "पन्नास!" पन्नास नंबरचा बिचारा दचकून म्हणाला, "हजर!" मॅडम म्हणाल्या, "एकेचाळीस." मंजू म्हणाली, "साठ!" अर्ध्या तासात त्या वर्गाची पटसंख्या साडेनऊशेच्या वर गेली होती. पोरं हसली. मंजूही हसली, बोली चढली की बंदरावर लोक हसतात, तशीच.

मॅडम बाहेर आल्या. रागावल्या नव्हत्या. "काका, तिला 'हजर' म्हणायला शिकवा. तोवर तुम्ही इथे बसा. जमलं की मग तुमची गरज नाही."

बाई भली, बोलली तेही भल्यासाठीच. पण 'तुमची गरज नाही' हे शब्द मी आम्ही रत्नागिरीत भाड्याने घेतलेल्या चिऱ्याच्या खोलीत घेऊन आलो आणि ते माझ्याबरोबरच राहायला लागले.

रत्नागिरी काही परदेश नव्हे. समुद्र तोच, बांगडा तोच. पण तुम्ही जे दुबईला, मस्कतला गेलात, तुम्हाला कळेल मी काय म्हणतो ते. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांना मी सांगितलं की एकदा मी देवमासा लिलावाला काढला, तर त्याने स्वतःच सगळ्यांच्या वरची बोली लावली आणि स्वतःला सोडवून घेऊन गेला. ते म्हणाले, "अच्छा." आणि दार लावलं. हर्ण्याला असतो तर कोणीतरी लगेच म्हणालं असतं, "त्याला सुटे मीच दिले होते!"

रोज साडेपाचला तिच्या आईचा फोन. मी सांगायचो, कॉलेजने मला खास खुर्ची दिलीय, वर पंखा. प्रत्यक्षात मी गेटाबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर बसायचो. फोनमध्ये मागे लिलाव ऐकू यायचा. माझ्या जागी आता भाचा पुकारतो. आवाज म्हणजे सायकलची घंटी. तरी मी फोन कानाला घट्ट लावून ऐकायचो. "ऐकताय ना?" ती विचारायची. मी म्हणायचो, "ऐकतोय." मग ती फोन बंदराकडे धरायची.

आता एक कबूल करतो, बंदरावर हसू नका. मी मंजूला 'हजर' शिकवलंच नाही. शिकवायला रोज बसायचो, पण आकडा पुकारायचो तो लिलावाच्या सुरात, शेपूट लांबवून : "चाऽऽळीस!" मग ती 'पन्नास'च म्हणणार. मी म्हणायचो, "चुकलीस गो," आणि आतून सुखावायचो. त्या अख्ख्या गावात माझ्या बोलीवर वरची बोली बोलणारं ते एकच माणूस होतं. दीड महिना मी अशी कठड्यावरची माझी जागा राखली. पोरीचं नुकसान करून राखली.

मंजूची जोडीदार मृणाल, दुसऱ्या वर्षाची मुलगी. शेवटी तिने मनावर घेतलं आणि दोन दिवसांत काम संपवलं. नंबर आला की बाकावर दोन टिचक्या मारायच्या, त्या ऐकून मंजूने उठायचं आणि 'हजर' म्हणायचं. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून ऐकलं. "चाळीस." टिचक्या. "हजर, मॅडम." मृणालने टाळी दिली. मंजूने मला पाहिलं आणि हाताने खूण केली : बाबा, जा.

त्यानंतर ती एकटी शहर बसने जायला लागली. कँटीनमध्ये चहा आणि पोह्यांच्या ऑर्डरी अचूक नेते म्हणे. परवा मॅडमनी बोलावून सांगितलं, सोमवारपासून मंजू मृणालच्या खोलीत, होस्टेलवर. "तुम्ही आता निर्धास्त गावी जा, काका." मी म्हटलं, बंदर माझ्यावाचून बंदच पडलंय.

काल संध्याकाळी दोघांच्या दोन पिशव्या भरत होतो. साडेपाच वाजले, लिलावाची आणि फोनची वेळ. मनात आलं, परत जाऊन मी करणार काय? पुकारायला भाचा आहे. आणि घर तरी कुठलं? इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे समुद्राकडे तोंड केलेली ती आपली पडवी. तसं नसतं ते. आपण एक आकडा टाकावा आणि कोणीतरी त्याच्यावर चढवावा, तेवढ्या जागेला घर म्हणतात.

मंजू पाठमोरी बसून टॉवेलची घडी घालत होती. कोपऱ्याला कोपरा नीट जुळवून. मी दार लावलं, छाती भरून घेतली आणि बंदरावर पुकारायचो तसं शेपूट लांबवून पुकारलं, "चाऽऽळीस!"

तिने घडी पुरी केली. पिशवीत ठेवली. मग मागे न बघता म्हणाली, "हजर."