शाळेच्या सभेत वर गेलेले हात

गिरण्यांचा संप संपला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. लोक हळूहळू गावाला गेले, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झाला. आमच्या लालबागच्या चाळीत मात्र युनियनची पत्रकं येतच राहिली. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली होती, त्यामुळे मला वाटायचं की जगातलं प्रत्येक वाक्य उद्गारचिन्हाने संपतं. कॉलेजात गेले तेव्हा मी स्वतः पत्रकं लिहायला लागले होते, आणि आयुष्यातलं पहिलं निवडणुकीचं पत्रक मी आईसाठी लिहिलं.

निवडणूक आमच्या शाळेच्या संस्थेची होती. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी वर्गणी काढून ती शाळा उभी केली होती आणि वर्गणी भरणारा प्रत्येक पालक संस्थेचा सभासद असे. कार्यकारिणीत पालकांची एक जागा होती. त्या वर्षी त्या एका जागेवर सगळं अडलं होतं, कारण शाळेच्या मैदानावर लग्नाचा हॉल बांधायचा ठराव आला होता आणि कार्यकारिणीतली मतं अर्धी इकडे, अर्धी तिकडे होती. पालकांचा माणूस ज्या बाजूला, मैदान त्या बाजूला.

आई चौथी शिकलेली. ती घरात खानावळ चालवायची. संपात जेवायला येणारे कमी झाले, तेव्हा ती शाळेत जाऊन मुलांसाठी खिचडी शिजवू लागली. त्या खिचडीमुळेच पालकांनी तिला उभं केलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "मैदान गेला तर आमची पोरां खय खेळतली? जिन्यात?" आणि अर्जावर सही केली. माझा धाकटा भाऊ तेव्हा त्याच शाळेत सातवीत होता.

हॉलच्या बाजूने ज्यांचा उमेदवार होता, त्या वस्तीतल्या दादांना सगळे 'भाऊ' म्हणत. भाऊंना मी एकदाही पाहिलं नाही. पाहिलं ते त्यांच्या माणसाला. पत्रक वाटून झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी तो आमच्याकडे जेवायला आला. चपला बाहेर काढल्या, पंगतीत मांडी घातली. आईने त्याला ओळखलं. संपाआधी तो गिरणीत बदली कामगार होता, कुणी गैरहजर असलं की त्याच्या जागी भरायचा, आणि रोज आमच्याकडेच जेवायचा.

"काकी, वाढा अजून. बांगडा एकदम झकास. मी सांगतो ना ह्यांना, असं कालवण अख्ख्या परळमध्ये नाय."

आईने वाढलं. कालवण ताटाबाहेर सांडलं.

बाकीचे उठून गेल्यावर त्याने हात धुतले आणि दारात थांबून म्हणाला, "तुमच्या हातचं खाल्लंय, म्हणून सांगायला मी आलोय. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर त्याने सांगितलं नसतं."

"काय सांगायचं आहे?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पत्रक मस्त लिहिलंय हां, काकी. पोरगी हुशार आहे. जपा तिला."

तो गेल्यावर आईने दार लावलं. आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. शेजारची विधवा बाई, जिला आम्ही मावशी म्हणायचो, लगेच बाहेरून ओरडली, "काय गो, कोण आजारी आहे काय?" आईने दार उघडलं नाही. "झोपलंय जरा," म्हणाली. मी तिला इतकं सरळ खोटं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "भियाचा कित्याक? भिलंव असतंव तर गेटावर गेलंव असतंव काय?" वडील गिरणीच्या गेटवरच्या सभांमध्ये घडलेले. तिथे प्रश्न एकच असायचा, लढायचं की नाही, आणि उत्तर हातांनी द्यायचं. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून ते हात पाहिले होते. दूरवर फक्त तळहातच दिसायचे. वडिलांसाठी मत म्हणजे वर गेलेला हात. चिठ्ठी, पेटी, पडदा हे सगळं त्यांच्या लेखी मालकांच्या ऑफिसातलं होतं. आमच्या घरात कुणीच वेगळं मानत नव्हतं. मीही नाही.

सभा रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात होती. भाऊंचा माणूस दारातच उभा होता. हातात काठी नाही, काही नाही. येणाऱ्या प्रत्येकाला तो नमस्कार करत होता.

"काय काका, बरं ना? मोठी लागली का कामाला? दादरला ना?"

"मावशी, मुलगा सेकंड शिफ्टला असतो ना हल्ली? सांभाळून यायला सांगा, रस्ता खराब आहे."

मावशीने "हो हो" केलं आणि आत येऊन बसली. पदराने तोंड पुसत राहिली. मी सभासद नव्हते, म्हणून मागच्या भिंतीपाशी उभी होते. ज्याच्या घरचं त्याला काही माहीत नव्हतं, असा एकही माणूस त्या दारातून आत आला नाही.

अध्यक्ष म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर. घसा खाकरून म्हणाले, "आपल्या घटनेत दोन्ही पद्धती आहेत. हात वर करून किंवा चिठ्ठ्या टाकून. माझं मत विचाराल तर आज चिठ्ठ्या बऱ्या." हे बोलताना त्यांची नजर दाराकडे गेली. मला ते कळलं. वडिलांना कळलं नाही.

वडील उठले. "गुरुजी, माफ करा. चिठ्ठ्या कशाला? आम्ही गिरणी कामगार. आमचं जे आहे ते उघड. ज्याला शाळा हवी त्याने हात वर करावा, ज्याला नको त्याने खाली ठेवावा. लपूनछपून मत द्यायला आपण काय चोर आहोत?"

टाळ्या पडल्या. मीही अभिमानाने वाजवल्या. मग माझ्या लक्षात आलं की सगळ्यात जोरात टाळ्या भाऊंच्या उमेदवाराची माणसं वाजवत होती. दारातला तो तर हसत होता. मला ओरडायचं होतं, "चिठ्ठ्या घ्या!" पण मला तिथे बोलायचा अधिकार नव्हता. आई टेबलाशेजारी उभी होती. ती वडिलांकडे पाहत होती. भर बाजारात हातातलं पोर सुटावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

हात वर करायचंच ठरलं. आधी भाऊंच्या उमेदवाराचं नाव पुकारलं. पुढच्या रांगांचे हात वर झाले. मग मधल्या रांगांतून एकेक हात, कोपरापर्यंतच, वर्गात उत्तर येत नसताना करावा तसा.

मग आईचं नाव आलं.

पहिला वडिलांचा हात गेला, ताठ. मग मावशीचा. हो, तिचाच. पदर तोंडाला तसाच होता आणि दुसरा हात वर. मग खिडकीजवळचा पोस्टमन, मग चाळीतल्या दोघी-तिघी, मग एक म्हातारा जॉबर, गिरणीतला मुकादम, ज्याचं संपात वडिलांशी भांडण झालं होतं. हात वाढत होते. मला वाटलं, होतंय, होतंय.

तेव्हा दारातला तो आत आला. दोन रांगांमधून सावकाश चालत, प्रत्येक वर गेलेल्या हाताखालचा चेहरा पाहत पुढे गेला. लिहून काही घेतलं नाही. फक्त पाहिलं. मला त्याची पाठ दिसत होती. आईला त्याचा चेहरा दिसत होता.

"हात खाली करा," आई म्हणाली.

कुणाला कळेना. अध्यक्ष म्हणाले, "बाई, मोजणी..."

"मी नाव मागे घेते. सगळ्यांनी हात खाली करा." हात उतरले. वडिलांचा तसाच होता. "अहो," आई म्हणाली, "तुमी पण."

भाऊंचा उमेदवार बिनविरोध निवडून आला आणि मैदान गेलं. बाहेर पडताना तो माणूस बाजूला झाला आणि म्हणाला, "काकी, शहाण्या आहात."

रस्त्यात वडील म्हणाले, "सरशी होती आपली. किती हात होते, बघितलंस?"

"मी मोजूक नाय," आई म्हणाली. "तोंडां बघलंय."

आज माझे काही सोबती लिहितात की गिरणगावाने आपली शाळा, आपलं मैदान विकलं, लोक लाचार झाले. हे लिहिणाऱ्यांपैकी कुणीही त्या सभेत बसलेलं नव्हतं. लोकांनी हात वर केले होते. ज्याच्या घरी तरुण पोर आहे त्याच्याकडे उघड मत मागणं म्हणजे त्याच्या पोराला ओलीस मागणं आहे, आणि ते मागणाऱ्यांत आम्हीही होतो, तत्त्व म्हणून. चिठ्ठीचा पडदा भित्र्यांसाठी नसतो. ज्यांच्याकडे दुसरं काही संरक्षण नाही, त्यांच्यासाठी तो असतो. हे कुठल्याही पत्रकात मी वाचलं नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस आई संध्याकाळी गॅलरीत उभी राहायची. ज्यांनी हात वर केला होता त्यांच्या घरची माणसं एकेक करून कामावरून परत येईपर्यंत. पोस्टमन आला. दोघी-तिघींचे नवरे आले. जॉबरचा नातू आला. एकदा मावशीच्या मुलाची पहिली पाळी होती आणि दिवेलागण झाली तरी तो आला नाही. मावशी आत देवापाशी बसली होती. आई कठड्याला घट्ट धरून वाकली होती, मी तिच्या शेजारी.

तो आला. मित्रांबरोबर पिक्चरला गेला होता. आईने जिन्यातच त्याला गाठलं, फाडकन एक थोबाडीत दिली आणि मग स्वतःच पायरीवर बसून रडायला लागली. तो गाल चोळत मला विचारत होता, "काय झालं गं? मी काय केलं?"