वन्संच्या डोहाळजेवणाला साल्विया

साल्विया हे फूल कोणी कोणाला देत नाही. देवाला चालत नाही, त्याला वास नाही, बायका केसात माळत नाहीत. सरकारी कचेरीपुढे वाफ्यात लाल रांगा दिसतात ना, तेच ते. मी मात्र एकदा ते पाटीभर नेऊन नणंदेला दिलं. माझी नणंद अशी की मी दिलेली प्रत्येक वस्तू ती आधी उलटून बघायची आणि मग नाक मुरडायची. नाक तेव्हाही आडवं आलंच, पण वेगळ्या कारणाने.

लातूर तेव्हा नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्या वाढल्या, कचेऱ्यांपुढे बागा आल्या आणि मला एका बागेत रोजंदारीवर काम मिळालं. शिक्षण चौथी. खुरप्याला तेवढं पुष्कळ होतं. पाऊस दोन वर्षं नीट झाला नव्हता. घरी आम्ही हंडाभर पाण्यासाठी शेजारणीशी भांडायचो आणि कामावर मी फुलांना झारीने पाणी घालायची. राग यायचा का? यायचा. पण चूल त्याच्यावरच पेटायची, म्हणून घालायची.

नणंद मुखेडकडच्या एका खेड्यात दिलेली. वयाने माझ्याहून लहान, तरी मी तिला वन्संच म्हणायची. आमच्यात तशी रीत आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. पण फुलं ओवण्यात तिचा हात धरणारी गावात दुसरी नव्हती. त्यामुळे कोणाच्याही सुनेचं डोहाळजेवण असलं की फुलांचे दागिने करायला तिलाच बोलावणं. तिने मागच्या खोलीत बसून वेण्या, बाजूबंद, कंबरपट्टे ओवायचे आणि ओटी भरायची वेळ आली की बाहेर थांबायचं. बिनलेकराच्या बाईने ओटी भरायची नाही, असा नियम. कोणी केला माहीत नाही. पाळत मात्र सगळ्या.

आणि मग तिला दिवस गेले.

संक्रांतीला मी तिच्याकडे गेले तेव्हा सातवा लागला होता तरी उलट्या थांबल्या नव्हत्या. मी हौसेने शेवंतीची वेणी नेली होती. तिने ती हातात घेतली, वास नाकात गेला आणि उठून पळाली ती थेट परसात. परत आली तेव्हा डोळे लाल.

"वैनी, फुलाचा वास सोसत न्हाई मला. झेंडू न्हाई, शेवंती न्हाई, काईच न्हाई."

"मग नुसती ओटी भरू. फुलाविना काय अडतंय?"

"अडतंय! साऱ्या गावाला मी सजवलं. आता माझी पाळी आली तर मी उघडीबोडकी झोक्यावर बसू? फुलाबिगर मी बसणार न्हाई. आणि साऱ्या गावानं बघितलं पायजे."

तिच्या सासूने मला बाजूला घेतलं. "पोरगी येडी झाली. फुलाचा वास आला की वकती, आन् म्हणती फुलं पायजेत. आता तूच बघ बाई. म्हायेरचं तूच हायस."

डोहाळजेवणाची फुलं माहेरहून जातात. माझी सासू केव्हाच गेलेली, म्हणजे ते माझ्याच गळ्यात. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात साऱ्या फुलांचा वास घेऊन बघितला. कण्हेरीला वास थोडा, पण तिचा चीक विषारी. रुई मारुतीची. कागदाची फुलं केली तर बायका जन्मभर बोलतील. दुसऱ्या दिवशी कामावर गेले, वाफ्यात खाली बसले आणि हसू आलं. महिनोन् महिने मी ज्या फुलात बसून होते त्याला वास कसला तो नव्हताच.

साल्वियाचं रोप फार तर गुडघ्याएवढं. टोकाला लाल तुरा. तुऱ्यावर लाल टोप्या आणि प्रत्येक टोपीतून निघालेली एक लाल नळी. नळी अलगद ओढून मागचं टोक चोखलं की गोड लागतं. हे मला बागेत येणाऱ्या पोरांनी शिकवलं होतं.

झेंडावंदन होईपर्यंत बाग राखायची आणि नंतर पाणी बंद, असा हुकूम होता. झेंडावंदन झालं. मी मुकादमाला गाठलं. म्हातारा होता, आम्ही सगळ्या त्याला मामा म्हणायचो.

"मामा, ही रोपं आता वाळणारच. तुरे मी नेऊ का?"

"सरकारी फूल हाय. तोडता येत न्हाई."

"मग वाळलं तर चालतं?"

"वाळलेलं सरकारीच ऱ्हातं. तोडलेलं तुझं होतं. तिथं लफडं हाय."

मी नणंदेचं सगळं सांगितलं. त्याने पानाची पिचकारी टाकली, आभाळाकडे बघितलं. "वाळक्या तुऱ्यांची खुडणी कवा केलीस?"

"मागल्या आठवड्यात."

"पुन्यांदा कर. खुडून कुठं फेकतीस ते मी बघत बसत न्हाई. मला कामं हायत."

दुसऱ्याच दिवशी डोहाळजेवण होतं. मी उन्हं चढायच्या आधी खुडणी केली. अर्धा उमललेला, शेंड्याला कळ्या असलेला तुराच घेतला. पूर्ण उमललेला लवकर झडतो आणि नुसत्या कळीला रंग भरत नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळून पाटी भरली आणि उदगीरची गाडी धरली. कंडक्टरने विचारलं, "काय हाय बाई, मिरच्या?"

"हाव, मिरच्या," म्हटलं. कोण समजावत बसतं!

उदगीरला गाडी बदलली. पुढचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. गावात पोचले तेव्हा अंगणात बायका जमलेल्या, लिंबाला झोका बांधलेला, वन्सं हिरवं लुगडं नेसून दारात उभी. मी गोणपाट उघडलं आणि माझंच तोंड उतरलं. नळ्या सगळ्या झडल्या होत्या. पाटीच्या तळाशी लाल कचरा आणि वर तुऱ्याच्या काड्या.

एक म्हातारी वाकून म्हणाली, "हे कोणत्या देवाचं फूल?"

"कोणत्याच न्हाई. कलेक्टरचं."

"कलेक्टरला तर गळकंच दिलं की देवानं," दुसरी म्हणाली, आणि बायका हसल्या.

वन्सं पुढे आली. भीत भीत पाटीवर वाकली. नाक आत घातलं. पुन्हा घातलं. आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो. सासूने तर तपेलं हातात धरून ठेवलं होतं.

"वासच न्हाई की गं!" ती सासूकडे वळून ओरडली. "अत्ती, वासच न्हाई!"

मग तिने एक तुरा उचलला, बोटात फिरवला. ओवणारीचं बोट ते. "वैनी, नळ्या गळाल्या तर गळू द्या. टोप्या लालच हायत. हे ओवता येतंय. दोरा आणा."

"तू न्हाई ओवायचं," सासू म्हणाली. "आज तू बसायचं."

"मग ह्यांना येतंय का?"

ती झोक्यावर बसली आणि तिथून हुकूम सोडू लागली. ज्या बायकांना तिने सजवलं होतं त्या सगळ्या खाली बसून ओवत होत्या आणि ती एकेकीच्या चुका काढत होती. "काकू, गाठ सैल हाय. अगं, तुरे उलटे लावून राहिलीस, शेंडा खाली कर. तुझ्या टायमाला मी असं केलं होतं का?" काकू म्हणाली, "गप बस गं, पोटातलं पोरगं ऐकून राहिलंय, असंच खेकसत बाहेर यील."

तळाच्या झडलेल्या नळ्या मी ताटलीत काढल्या आणि तिला एक चोखायला दिली. कित्येक महिन्यांत गोड तोंडात न धरलेली बाई अर्धी ताटली चोखून मोकळी झाली.

वेणी झाली, बाजूबंद झाले, कंबरपट्टा पोटाला पुरेना म्हणून जोडून वाढवला. ती लालेलाल झाली. पहिल्या सवाष्णीने ओटीला हात घातला आणि तेवढ्यात वेशीवरून पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजला.

अंगण क्षणात रिकामं. जिच्या हातात खोबरं होतं ती खोबऱ्यासकट पळाली. झोक्यावर वन्सं आणि खाली मी.

"बसा तुम्ही," मी म्हटलं. "येतील परत."

"बसू कशाला? सारा गाव तिकडंच हाय न्हाई का?"

तिने कळशी उचलली. मी ती हिसकावून घेतली, पण तिला थांबवणं माझ्या बापाला जमलं नसतं. हिरवं लुगडं, डोक्यापासून कमरेपर्यंत लाल तुरे, सातव्या महिन्याचं पोट पुढे काढून ती भर दुपारी वेशीकडे निघाली आणि मी कळशी घेऊन मागे. टँकरपाशी हंड्यांवरून शिव्यागाळी चालली होती, ती थांबली. पुरुषसुद्धा बघत राहिले. ड्रायव्हर टपावरून म्हणाला, "ह्या बाईला आधी भरू द्या रे!" आणि रांग फाकली.

ती कोणाकडे न बघता टँकरच्या नळीपाशी जाऊन उभी राहिली. आधी डावी बाजू दाखवली, मग उजवी, मग सगळ्यांना नीट दिसावं म्हणून सावकाश पाठ. मी कळशी भरेपर्यंत ती तशीच फिरत होती. आणि कळशी भरली तरी जागची हलली नाही.