पौषातले बेडूक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गावाकडच्या भावाला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. ते हलकं कशाला व्हायला हवं? मला माझाच राग आलाय म्हणून सांगतोय. इतरांचाही आलाय, पण त्यांची पाळी नंतर.

मी मूळचा वाईजवळचा. एका सरकारी कंपनीच्या पर्यावरण विभागात नोकरी. बदल्या होत होत चंदीगडला आलो आणि इथंच राहिलो. आमचं काम असं — कुणाला कुठं कारखाना किंवा वसाहत बांधायची असली की त्या जागेवर काय काय जगतंय ते आधी बघायचं आणि लिहून द्यायचं. झाडं, पक्षी, साप, बेडूक. बेडूक माझ्याकडे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलो तेव्हापासूनचं ते वेड. ऑफिसात मला ‘मेंढकवाले सर’ म्हणतात, आणि मला ते आवडतं. म्हणजे — आवडायचं.

गेल्या आठवड्यात इथल्याच मुल्लानपूरकडच्या एका नव्या वसाहतीत मला भाषणाला बोलावलं होतं. क्लबहाऊस, एसी, मागच्या पडद्यावर हिरव्यागार बेडकाचा फोटो. तो बेडूक इकडचा नव्हेच, कुठल्यातरी परदेशी जंगलातला, इंटरनेटवरून उचललेला. मी बोललो. छान बोललो. बेडकाची शेपटीवाली पिल्लं पाण्यातलं शेवाळ खातात, म्हणून तळं सडत नाही. मोठा बेडूक भातावरचे किडे खातो, डास खातो, नाकतोडे खातो. त्याला बगळा खातो, धामण खाते. तो मधून गेला की वरचे उपाशी आणि खालचे माजलेले. त्याची कातडी पाणी पिते, हवा घेते, म्हणून शेतात फवारलेलं औषध आणि डेराबस्सीकडच्या कारखान्यांनी नाल्यांत सोडलेलं रसायन आधी त्याच्या अंगात जातं, मग आपल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी विचारलं, इथं सारखा धूर मारूनही डास इतके का? मी म्हणालो, डासांचे नैसर्गिक शत्रू कमी झालेत. कमी झालेत! जणू बेडकांनी अर्ज करून बदली मागून घेतली.

शेवटी त्यांनी मला कुंडीतलं एक रोपटं दिलं आणि फोटो काढला. मी हसत उभा राहिलो. ते क्लबहाऊस ज्या जमिनीवर आहे ना, तिथं तळं होतं. मला ते कुणी सांगायला नको, मी त्यात गुडघाभर पाण्यात उभा राहिलो होतो.

गावतळ्याला इकडे टोबा म्हणतात. म्हशी डुंबायच्या, कडेला शेवरी-बाभळी, पलीकडे भात. दिसायला अगदी सामान्य — पाणी गढूळ, काठावर शेण. फोटोत कुणाला आवडलं नसतं. पण वसाहतीचा नकाशा त्या टोब्यावरून जात होता आणि प्रश्न एवढाच होता की तो जिवंत आहे की मेलेला. मेलेला असला तर बुजवायचा. जिवंत असला तर नकाशा बदलायचा. ते ठरवायला आम्ही.

आम्ही म्हणजे मी आणि जसलीन. जसलीन इथल्याच खरड गावची. नुकतीच एमएस्सी होऊन आमच्याकडे कंत्राटावर लागली होती. पोरगी कामाला वाघ. चिखल, जळवा, काटे — कशाची म्हणून तक्रार नाही. मात्र बेडकांतलं तिला काही कळत नव्हतं. सगळे बेडूक तिला सारखेच, तिच्या पंजाबीत सगळे डड्डू. तिला एकेक जात आवाजावरून ओळखायला मी शिकवलं. मीच. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी काय केलं त्याची लाज इथून सुरू होते.

श्रावणातल्या एका दुपारी, सकाळभर झोडपून पाऊस नुसता भुरभुरत होता, तेव्हा आम्ही त्या टोब्यावर पोचलो. गाडीतून उतरण्याआधीच आवाज आला. मी पँट दुमडली आणि सरळ पाण्यात शिरलो. मोठे बेडूक होते, ते पावसाळ्यात नर पिवळेधम्मक होतात ना, ते. गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, आणि प्रत्येकाचा ‘माझंच ऐका’ असा हट्ट. सगळं पाणी पिवळं हलत होतं. मी जसलीनला हात करून जवळ बोलावलं, डोळे मिटायला सांगितले आणि विचारलं की आता सांग, यात कोण कोण आहे. तिनं सांगितलं. एकही चूक नाही. मला इतका आनंद झाला होता त्या दिवशी! वाटलं, आपलं हे वेड आता आपल्यासोबत मरणार नाही. तिनं फोनवर आवाज टिपून घेतला, आणि परत येताना गाडीत आम्ही दोघं पावसात भिजलेल्या पोरांसारखे हसत होतो.

मग ती पाहणी ‘अपुरी’ ठरली. कुणी ठरवली? कुणी नाही. असं कुणीच करत नाही, ते होतं. आमच्या साहेबांनी मला बोलावलं, चहा मागवला, आणि इकडचं तिकडचं बोलताना म्हणाले की पुन्हा एकदा जाऊन या, केव्हा जायचं ते तुम्हीच ठरवा, तुम्ही तज्ज्ञ. एवढंच. बेडूक दाखवू नका असं ते एका शब्दानं म्हणाले नाहीत. पुढं म्हणाले, तुमचा पुण्याचा अर्ज माझ्याकडेच आहे हं.

पुण्याला बदली मिळावी म्हणून मी अर्ज केला होता. कारण लिहिलं होतं आईचं आजारपण. आता आईचं नाव घेतलं की आपल्याकडे सगळं माफ होतं, म्हणून आधीच सांगून टाकतो — आई ठणठणीत होती. रोज देवळापर्यंत चालत जात होती. मलाच परत जायचं होतं. इथं आलेल्या आपल्या सगळ्याच लोकांचं हे असतं. गणपतीला जमलो की विषय एकच, कोण सुटला आणि कोण अडकला. ज्या गावात राहतो, ज्याचं पाणी पितो, ते गाव म्हणजे नुसतं पोस्टिंग. आपलं काय जातंय? तळं त्यांचं, बेडूक त्यांचे, आपण उद्या निघून जाणार. हा विचार मी केला. स्वच्छ शब्दांत केला, गाडी चालवताना.

आणि मी तारीख निवडली पौषातली.

बेडकांतलं काही माहीत नसलेल्या माणसाला यात काय वाईट ते कळणार नाही, आणि तीच तर गंमत आहे. इकडे पौषात धुकं असं पडतं की समोरचं झाड दिसत नाही. त्या थंडीत बेडूक चिखलात, मातीत खोल जाऊन निपचित पडून राहतात. पाण्यावर एक दिसणार नाही, एक ओरडणार नाही. हे माझं पोटापाण्याचं ज्ञान आहे. मी त्याच ज्ञानाचा उपयोग केला. स्वेटर, मफलर घालून टोब्याच्या काठावर उभा राहिलो, दोन्ही बाजूंना नीट बघितलं, आणि लिहिलं की पाहणीच्या वेळी एकही बेडूक आढळला नाही. यात खोटं काय आहे सांगा? शब्द न् शब्द खरा. पायाखालच्या मातीत ते सगळे पिवळे नर झोपले होते, आणि मी त्यांच्या अंगावर उभा राहून खरं लिहीत होतो. अशा खऱ्याची मला आता शिसारी येते. या धंद्यात आमच्यासारखे किती जण अशीच खरी वाक्यं लिहून सन्मानानं निवृत्त होतात! तळी बुजतात, आणि मग आम्हीच जाऊन भाषणं देतो.

पण कबूल करायचं आहे ते हे नव्हे. एवढंच असतं तर कदाचित सांगितलंही नसतं.

पुढं बैठक झाली. बिल्डरची माणसं, साहेब, आम्ही. जसलीन उठली आणि म्हणाली की थंडीत बेडूक शोधण्याला अर्थ नाही, श्रावणात तिथं बेडूक होते, हे ऐका. तिनं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. त्या बंद खोलीत तो आवाज घुमला. बिल्डरचा माणूस शांतपणे म्हणाला, हे कुठलंही असू शकतं, तुमच्यासोबत कोण होतं? तिनं माझ्याकडे बोट केलं. किती विश्वासानं केलं! माझ्याकडे वळून बघितलंसुद्धा नाही, इतका.

मी कानांवर हात ठेवले. म्हणालो, त्या दिवशी मी गाडीतच बसलो होतो, काचा बंद होत्या, पाऊस फार होता. मला काही ऐकू आलं नाही.

तिच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला माहीत नाही. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होतो.

इथंही थांबता आलं असतं. भरल्या बैठकीत शेपूट घालणारे पुष्कळ असतात; बाहेर येऊन निदान ‘माफ कर’ म्हणतात. दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. दार लोटून घेतलं. भांडायला आली नव्हती हो. नुसतं विचारायला आली होती. “सर, आप गाड़ी में नहीं थे ना?”

खोलीत आम्ही दोघंच. साहेब नाहीत, बिल्डर नाही. खरं बोललो असतो तर माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. मी म्हणालो, “जसलीन, तुम नई हो, बारिश बहुत थी। खेत में मोटर चल रही होगी, पानी वाली।”

 ती म्हणाली, “जी सर।” तिचं कंत्राट पुढं वाढलं नाही. मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. टोबा बुजला. पुण्याची बदली झाली नाही ती नाहीच. साहेब स्वतःच बदलून गेले.

भाषणानंतरच्या रविवारी सेक्टर बावीसच्या बाजारात ती भेटली. मागून ‘सत श्री अकाल सर’ म्हणाली, मी वळलो तर ती आणि तिचा नवरा. मोहालीत बँकेच्या परीक्षांचे क्लास घेते म्हणे. नवऱ्याला माझी ओळख करून दिली — यांनीच मला सगळं शिकवलं. आणि मग हसत हसत सांगू लागली, की मी किती बावळट होते माहितीये, शेतातल्या पाण्याच्या मोटरच्या आवाजाला बेडूक समजले, वर भर बैठकीत सगळ्यांना ऐकवला! नवरा हसला. त्याला तो किस्सा पाठ होता, घरात पुष्कळदा सांगून झालेला दिसत होता. म्हणाली, “मेरे कान ही ऐसे थे, सर। अच्छा हुआ छोड़ दिया।”

मीही हसलो. उभा राहून, तिच्या तोंडावर, तिच्या नवऱ्यासोबत हसलो.

त्या शेतात मोटर नव्हती. टोब्याभोवती विजेचा खांबसुद्धा नव्हता. बेडूकच होते, आणि तिनं डोळे मिटून सांगितलेली एकेक जात बरोबर होती.