सेरेमाइयाची तोंडी परीक्षा
सेरेमाइयाने बारा वर्षं ग्रेडर चालवला. आमच्या बेटावरच्या सुवा शहरामागच्या टेकड्यांतले रस्ते त्याने सपाट केले आणि जोराचा पाऊस झाला की तेच रस्ते ढासळलेल्या मातीखालून पुन्हा उकरून काढले. एकदा पाहणीला आलेल्या साहेबाला तो म्हणाला, "हा उतार टिकायचा नाही." साहेब म्हणाला, "तू ड्रायव्हर ना? मग गाडी चालव!" हे त्याच्या असं जिव्हारी लागलं की चौतिसाव्या वर्षी पठ्ठ्या इंजिनियरिंगच्या वर्गात जाऊन बसला, भाच्याच्या वयाच्या पोरांशेजारी. बायको म्हणाली, "डोकं फिरलंय तुझं." पण डब्यात उकडलेले कसाव्याचे कंद आणि मासे रोज घालून देत राहिली.

दोन वर्षं निभावली. तिसऱ्या वर्षी मातीचा विषय शिकवायला डॉक्टर तोकासा आल्या, आणि सेरेमाइयाची बोलतीच बंद झाली. तोकासा म्हणजे त्याच्या सख्ख्या काकाची मुलगी. आमच्याकडे चुलत बहीण ही सख्खीच बहीण, आणि वयात आलेल्या भावाबहिणीने समोरासमोर बोलायचं नाही. लग्नकार्यात एका चटईवर बसतील, पण मीठ हवं असेल तर तिसऱ्याला सांगतील. शहरातली हुशार मंडळी हसतात याला. हसेनात का! सेरेमाइयाच्या घरी हे पाळतात म्हणजे पाळतात.

मग शंका विचारायच्या कुणाला? फोनमधल्या एआयला. त्याला ना बहीण ना भाऊ, दहादा विचारलं तरी चिडत नाही. सेरेमाइयाचं इंग्रजी कच्चं होतं, तेही एआय नीट करून द्यायचं. बाकीची पोरं तर अख्खा अहवालच त्याच्याकडून लिहून घ्यायची, प्रयोगशाळेची पायरीसुद्धा न चढता.

याचा बोभाटा झालाच. कॉलेजने नवा नियम काढला: अहवाल दिला की दहा मिनिटं तोंडी परीक्षा. विषय शिकवणाऱ्यानेच घ्यायची. तोंडून उत्तर आलं नाही तर काम तुमचं नाही, गुण शून्य.

सेरेमाइयाचा अहवाल सावानी गावाच्या वाटेवर डोंगर कापताना उतार किती ठेवायचा, याचा होता. तोकासाबाई खिडकीकडे बघत प्रश्न विचारत होत्या, हा जमिनीकडे बघत उभा होता. दहा मिनिटं झाली. शून्य.

"अरे, येत होतं ना तुला सगळं?" प्रयोगशाळेतला मदतनीस कमलेश प्रसाद त्याच्यावर उखडला. "मग तोंडात काय दही जमलं होतं?"

"बहीण आहे ती माझी."

"मग दुसरा परीक्षक माग!"

"मागितला. नियम सगळ्यांना सारखा म्हणतात." सेरेमाइयाने अहवाल पिशवीत घातला. "एक संधी राहिलीय, शुक्रवारी. हीपण गेली तर वर्ष गेलं, आणि पुन्हा वर्षभर घर एकट्या बायकोवर टाकायची माझी हिंमत नाही. कमलेशभाऊ, तू माझ्याबरोबर आत चल. मी तुझ्याशी बोलतो."

"मी? मला फक्त बाटल्या धुता येतात, बाबा!"

"तू नुसता मध्ये बस."

शुक्रवारी दोघं आत गेले. कमलेश मधल्या खुर्चीवर असा बसला, जणू दाढ काढायला आलाय. तोकासाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, दारापाशी उभ्या सेरेमाइयाकडे नाही. साक्षीदार बसवायला नियमात मनाई नव्हती.

"कमलेशभाऊ," सेरेमाइया घसा खाकरून म्हणाला, "मॅडमना सांग, मी तयार आहे."

लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसा कारभार सुरू झाला. बाई कमलेशला विचारत, सेरेमाइया कमलेशला सांगे, आणि बिचारा कमलेश दोन्हीकडे मान हलवत घाम पुसत होता.

"कमलेश, त्याला विचार, अहवालात लिहिलंय की एआयने पंचाहत्तर अंशांचा उतार चालेल म्हटलंय. यानं ते खोडून पस्तीस कुठून आणले?"

"मॅडमना सांग, एआयने आपल्या दगडाला दगड समजून हिशोब केला. आपला दगड सुका असेपर्यंतच दगड. मी त्याचं ढेकूळ पाण्याच्या बादलीत टाकलं, तासाभरात पिठलं झालं."

बाईंनी अहवाल मिटला. "कमलेश, त्याला सांग, मला पस्तीस मान्य नाहीत. एवढा डोंगर कापायला कोण बसलंय? पंचाहत्तर कर म्हणावं, इथल्या इथे पास करते."

कमलेशचे डोळे चमकले. "कर ना रे!" तो पुटपुटला.

बहिणीशी बोलायचं नाही, तर तिचा शब्द खोडायचा कसा? आणि वर्ष तर समोर टेबलावर पडलेलं.

"मॅडमना सांग," तो म्हणाला, आणि आवाज फाटला तरी थांबला नाही, "नापास करा. आकडा मी बदलणार नाही. त्या रस्त्यानं शाळेची बस जाते."

मग बाईंनी पेन उचललं.

"कमलेश, त्याला विचार, एआयची चूक कळायला किती वेळ लागला?"

"एक बादली पाणी आणि एक तास."

"आणि बहिणीला नाही म्हणायला?"

"छत्तीस वर्षं, म्हणावं."

बाईंनी मान खाली घालून अहवालावर गुण लिहिले, सही केली आणि कागद कमलेशच्या हातात दिला. सेरेमाइयाने तो त्याच्याकडून घेतला. पस्तीसभोवती बाईंनी लाल शाईने गोल केला होता, आणि खाली लिहिलं होतं: बरोबर.