आडवा हात

इस्लामपुरातल्या आमच्या कोपऱ्यावरच्या पिझ्झा-आइस्क्रीमच्या हॉटेलात रविवारी जागा मिळत नाही. मालकाने मला एका अनोळखी कुटुंबाच्या टेबलाशी उरलेल्या खुर्चीत बसवलं. शेजारी टोपीवाले आजोबा, समोर त्यांची सून आणि दोन नाती.

त्यांचा पिझ्झा आला तसे आजोबा उठले, बाह्या सारल्या आणि वाढायलाच लागले. नातींना वाढलं, सुनेला वाढलं आणि ओळखदेख नसताना माझ्याकडे वळले. मी ताटलीवर हात आडवा धरला. त्यांनी बोटांखालून तुकडा आत सरकवला.

"मामा, ते नको म्हणत्यात," सून म्हणाली. "लग्नात वाढता ते बास हाय की. हितं तरी बसा."

"हात आडवा धरणारा नको म्हणत नसतोय," आजोबा म्हणाले. "त्याला पायजेच असतंय, पर लाजतोय. लय पंगती वाढल्यात मी."

मग पलीकडे कुजबुजत बसलेल्या कॉलेजच्या जोडीलाही एकेक तुकडा वाढून ते म्हणाले, "सावकाश होऊ द्या." जोडी आणखीच घाईने खायला लागली.

आजोबा बसले तेव्हा पिझ्झा संपला होता आणि त्यांची ताटली कोरडीच होती. तेवढ्यात माझा पिझ्झा आला. मी उठून त्यांना वाढायला गेलो, तर त्यांनी हात आडवा धरला. मी बोटांखालून तुकडा सरकवला.

त्यांनी तो मान खाली घालून, गुपचूप खाल्ला. मी बसणार इतक्यात त्यांनी रिकाम्या ताटलीवर पुन्हा हात आडवा धरला.