तीनच्या खेळाचा अंधार

रविवारी सकाळी टीव्हीवर एक जुनी परदेशी मालिका हिंदीतून लागायची. एक कुटुंब यानातून निघतं आणि अवकाशात वाट चुकतं, एवढीच गोष्ट. माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, इंदापूर-बारामती रस्त्यावर वडापची, म्हणजे प्रवासी भरून नेणारी जीप चालवायचे. रविवारची पहिली खेप ते या मालिकेसाठी सोडत आणि त्यातले पुठ्ठ्याचे डोंगर बघून खो खो हसत.

पुढे त्याच मालिकेवरून नवा सिनेमा निघाला. तो बारामतीला लागल्याचं कळताच तात्या म्हणाले, "सगळ्यांनी जायचं." आई, धाकटा भाऊ आणि मी जीपमध्ये बसलो. थंडीचे दिवस होते, खेळ तीनचा.

या सिनेमात हसण्यासारखं काही नव्हतं. यानात काळोख, आणि त्या काळोखात काहीतरी सरपटत होतं. भावानं आईच्या पदरात तोंड लपवलं. तेवढ्यात तात्या माझ्या कानाशी वाकले. "आता कोण आलं गं?"

"त्या पोरांचा बाप."

"कुठं हाय?"

तो पडद्याच्या मधोमध उभा होता. मी चमकून तात्यांकडे पाहिलं. मध्यंतरानंतर ते चहा घेऊन उशिरा आत आले आणि खुर्च्या चाचपत भलत्याच रांगेत शिरले. आईनं उठून त्यांना हाताला धरून आणलं. मग तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

बाहेर आलो तेव्हा दिवस मावळत होता. आई म्हणाली, "अवं, आज हितंच वन्संकडं ऱ्हाऊ."

"सकाळची खेप हाय," म्हणत त्यांनी जीप चालू केली.

एरवी गाडीत सतत बोलणारे तात्या आज नुसते समोर बघत होते. हनुवटी पार काचेजवळ नेलेली. अंथुर्ण्याच्या अलीकडे आई किंचाळली, "ट्रॉली! म्होरं ट्रॉली हाय!"

उसाची ट्रॉली, मागे एकही दिवा नाही. ब्रेक लागला. उसाची टोकं काचेवर खरवडली आणि जीप थांबली.

"मला रस्ता मोकळाच दिसला."

"कधीपासनं असं व्हतंय?"

"गेल्या दिवाळीपासनं."

"आन् रोज सांजची माणसं भरून आणता तुमी?"

जीप तिथंच एका वस्तीवर लावून आम्ही एसटीनं घरी गेलो.

पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा रातांधळेपणा वाढत जाणार, औषध नाही. तो मुलांतही उतरू शकतो, त्यांच्यावर लक्ष ठेवा. तात्यांनी जीप विकली आणि स्टँडजवळ पंक्चरचं दुकान टाकलं. ते काम हातांना जमत होतं.

त्या हिवाळ्यात आई रोज तिन्हीसांजेला दिवा न लावता आधी भावाला, मग मला माजघरातून तांब्या आणायला पाठवायची. आम्ही आणायचो. ती तांब्या हातात घ्यायची, आमच्या तोंडाकडे क्षणभर बघायची आणि मग बटण दाबायची.